पत्त्यावरचा दुसरा माणूस

१

त्रूस व्हान डालच्या घरात दुसरं कुणी राहत नव्हतं. हे त्रूस सांगत होती, शेजारीपाजारी सांगत होते, आणि स्वयंपाकघरातल्या जाळीत निथळत ठेवलेली एकुलती एक बशी आणि एकुलता एक कप हेही तेच सांगत होते. दोघं राहतात असं एकटं सरकार म्हणत होतं, आणि सरकारशी वाद घालायचा तर कोरी फरहूफला बोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कोरी तिसऱ्या मजल्यावर राहायची. उभी हयात तिने विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून ती भाडेकरूंच्या समितीत शिरली होती. लोकांच्या भानगडीत नाक खुपसते असं इमारतीतले लोक मागे म्हणत, आणि नळ गळायला लागला की पहिले तिच्याच दारात येत.

"वाच," म्हणत त्रूसने पत्र पुढे ढकललं. वर 'श्रीमती गेर्ट्रुइडा व्हान डाल' असं भारदस्त नाव होतं.

"ही गेर्ट्रुइडा कोण?"

"मीच. बाप्तिस्म्याचं नाव. त्या नावाने मला सरकार हाक मारतं, आणि रागावला की आरीही त्याच नावाने हाक मारायचा."

आरी म्हणजे तिचा नवरा. दोन हिवाळ्यांपूर्वी याच घरात गेला होता.

पत्र घरसंस्थेचं, म्हणजे इमारतीच्या मालक संस्थेचं होतं. 'आपल्या कुटुंबाचं उत्पन्न वरच्या गटात मोडत असल्याने' एक जुलैपासून भाडं इतरांपेक्षा बरंच जास्त वाढणार होतं. त्रूसचं उत्पन्न म्हणजे म्हातारपणाची पेन्शन आणि आरीच्या मागे मिळणारी चिमूटभर रक्कम. तिला वरच्या गटात बसवणं म्हणजे चिमणीला गरुड म्हणण्यातलाच प्रकार होता.

"यंदा एवढं वाढलं आणि पुढल्या वर्षी पुन्हा तेवढंच, तर मी इथे राहू शकत नाही, कोरी. बहीण तिच्या गावी, एमेनला, बोलावतेय. तिच्याकडे एक खोली आहे. खिडकीतून दुसऱ्याच्या गॅरेजची भिंत दिसते."

"थांब, एवढ्यात बॅगा नको भरूस. भाडं ठरवताना त्या पत्त्यावर नोंदलेल्या सगळ्यांची कमाई एकत्र धरतात. संस्थेला आकडा कळत नाही, करखातं फक्त गट कळवतं. म्हणजे तुझ्या पत्त्यावर कुणीतरी कमावता माणूस नोंदलेला असणार."

"तेच तर! नगरपालिकेत विचारलं. ती मुलगी म्हणाली, आरी गेल्यापासून दोन माणसं आहेत. म्हटलं, दुसरं कोण? तर म्हणते, किती ते सांगता येतं, कोण ते नाही, त्यांच्या खासगीपणाचा प्रश्न आहे. माझ्या घरात राहतो, माझ्या डोक्यावर भाडं चढवतो, आणि खासगीपणा त्याचा!"

कोरीला हसू आलं, पण तिने ते कॉफीत बुडवलं. मग तिने सवयीने खोली न्याहाळली. डॉर्ड्रेख्त गावात तीन नद्या जिथे मिळतात तिथे ही इमारत उभी होती. या खिडकीसाठी लोकांनी जीव टाकला असता, आणि त्रूसची खुर्ची मात्र खिडकीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती.

"ऊन डोळ्यांवर येतं," त्रूस न विचारताच म्हणाली.

खिडकी उत्तरेला होती. कोरीने ते मनात टिपलं.

तेवढ्यात नदीवरून भोंगा वाजला. एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब. त्रूस कॉफी ओतत होती. तिचा हात भोंगा थांबेपर्यंत हवेतच राहिला, आणि मग ती पुन्हा ओतू लागली.

"शोधून काढ त्या हरामखोराला," ती म्हणाली. "पोलिसात देईन. माझ्या घरात कोण राहतंय, कोरी?"

२

कोरी गॅलरीत आली तेव्हा नदीवर जूनचं लख्ख ऊन पडलं होतं. शाळांचे निकाल नुकतेच लागले होते, आणि पास झालेल्या पोरांच्या घरांवर रिवाजाप्रमाणे झेंड्याच्या काठीला जुनी दप्तरं लोंबत होती. खाली नदीतून एक बार्ज, लांबलचक मालवाहू नाव, चालली होती. तिच्या डोलकाठीलाही झेंडा होता आणि झेंड्याखाली लालसर दप्तर. बहुधा तिनेच मघाशी भोंगा वाजवला होता.

शेजारच्या दारात हेर्मिना पिनास उभी राहून टाळ्या वाजवत होती. हेर्मिना मूळची सुरीनामची. दवाखान्यातून निवृत्त झालेली, आडदांड आणि प्रेमळ. तिचे डोळे ओले होते.

"कुणाचं पोर गं?" कोरीने विचारलं.

"कुणाचं का असेना, पास झालंय ना! आनंद व्हायला ओळख लागते का?" म्हणत हेर्मिना चटकन आत गेली.

कोरी जिना उतरता उतरता विचार करू लागली. गेल्या वर्षी त्रूसचं भाडं साधंच वाढलं होतं. कमाई धरतात ती दोन वर्षं मागची. म्हणजे या दुसऱ्या माणसाची त्याआधीची कमाई बेताची होती आणि पुढच्या वर्षी एकदम उडी मारून वर गेली. महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्याचं असं होत नाही. ज्याचा स्वतःचा धंदा आहे, एक वर्ष कोरडं आणि एक ओलं, त्याचंच होतं.

या कसोटीवर इलोना लगेच सुटली. ती दर मंगळवारी त्रूसकडे साफसफाईला यायची. तिची मिळकत इतकी की पाच इलोना नोंदवल्या तरी गट हलला नसता. उरला भाचा.

योस्ट हा त्रूसच्या एमेनच्या बहिणीचा मुलगा. बस चालवायचा, म्हणजे पगारदारच, पण नुकताच घटस्फोट झालेला, आणि मावशीच्या घराची किल्ली खिशात बाळगून. कोरीने त्याला बसच्या थांब्यावरच गाठलं.

"राहतोस कुठे रे सध्या?"

"मित्राकडे. आपलं... इकडे तिकडे."

"तुझ्या बुटाला पाइनच्या सुया चिकटल्यात, योस्ट. या गावात पाइनची बाग नाही."

योस्टचे कान लाल झाले. सुट्टीच्या बंगल्यांच्या वसाहतीत तो वर्षभर राहत होता. तिथे कायम राहायला कायद्याने बंदी होती.

"कुणाला सांगू नका हो! पण माझं नाव आईकडे आहे, एमेनला. शपथ! मावशीच्या पत्त्यावर नाही."

"मग मावशीला एमेनला नेण्याची तुम्हा मायलेकांना एवढी घाई का?"

"आई एकटी पडलीय म्हणून. दोघी एकमेकींना बोलतील तरी. भांडतील, पण बोलतील." त्याने बसचं दार उघडलं आणि पायरीवर थबकला. "कोरीबाई, चोर शोधायचाच तर पत्रपेटीपासून सुरुवात करा. त्या माणसाला सरकारची पत्रं येत असणारच ना? मावशीला आजवर एकही दिसलं नाही. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मावशी पोस्ट आणायला खाली उतरतच नाही."

"कोण आणतं?"

"तिची जिवाभावाची शेजारीण," योस्ट म्हणाला आणि दार लावून निघून गेला.

३

हेर्मिनाने कॉफीबरोबर केक दिला. तोही मलईचा, वर स्ट्रॉबेऱ्या.

कोरी त्या तुकड्याकडे बघतच राहिली. या गावात कुणाकडे गेलं तर कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं. एक म्हणजे एक. त्यानंतर डबा बंद होतो, आणि दुसरं देणारा माणूस एकतर प्रेमात असतो किंवा अडचणीत. कारणाशिवाय केक तर राजवाड्यातही कापत नसतील.

"वाढदिवस आहे का तुझा?"

"नाही बाई, असाच आणला. आज खावंसं वाटलं."

खिडकीशी खुंटीवर दुर्बीण टांगलेली होती.

"पक्षी बघतेस?"

"कधीमधी."

"पक्ष्यांनाही परीक्षा असतात का गं?"

हेर्मिनाने बशी खाली ठेवली. "कोरी, तू चांगली आहेस, पण तुझं नाक फार लांब आहे."

"त्रूसच्या पेटीतली दुसऱ्या माणसाची पत्रं तू बाजूला काढतेस."

"काढते."

कोरी जरा गडबडली. इतकं सरळ उत्तर तिला नोकरीच्या सगळ्या वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

"अगं, त्रूस घर सोडायला निघालीय! आणि तू केक खातेस?"

"घर सोडायला?" हेर्मिना खरोखरच दचकली. "का?"

कोरीने भाडेवाढीचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता हेर्मिनाचा चेहरा उतरला. चटका बसावा तशी ती उभी राहिली आणि पुन्हा बसली.

"देवा रे! असं होईल असं त्याला वाटलंही नसेल. नुसता एक पत्ताच होता तो."

"कोणाला वाटलं नसेल? नाव सांग."

"नाही सांगता येणार. ज्याला शब्द दिला तो माणूस आता नाही. जिवंत माणसाला दिलेला शब्द मोडला तर निदान माफी मागता येते, कोरी. याची कशी मागू?"

४

मेलेला माणूस या गोष्टीत एकच होता.

कोरी खाली येऊन नदीकाठच्या बाकावर बसली. आरी व्हान डाल. साधा, अबोल म्हातारा, पूर्वीचा बार्जवाला. तो जिवंत असताना रोज सकाळी पोस्ट आणायला स्वतःच उतरायचा. म्हणजे पत्रांची ही लपवाछपवी आरीची होती, आणि तो गेल्यावर हेर्मिनाने ती पुढे चालवली होती.

आरी बायकोपासून कोणाला लपवेल? ज्याचं नाव त्या घरात निघत नाही त्याला. कोरीला समितीतल्या जुन्या लोकांनी एकदा सांगितलेलं आठवलं. त्रूस आणि आरीने पूर्वी संसार बार्जवरच थाटला होता. त्यांची धाकटी आनेके खेळता खेळता डेकवरून पाण्यात पडली आणि गेली. त्यानंतर त्रूसने आरीला बार्ज विकायला लावली आणि जमिनीवर हे घर भाड्याने घेतलं. थोरला मुलगा मार्टेन कुठेतरी परदेशी असतो, असं त्रूस सांगायची. कुठल्या देशात, ते मात्र तिने कधीच सांगितलं नव्हतं.

एक वर्ष कोरडं आणि एक ओलं असलेला धंदा. नदीकडे फिरवलेली पाठ. शेजारणीची दुर्बीण. कारण नसताना आणलेला केक, आणि डोलकाठीवर दप्तर.

"अरे देवा," कोरी बाकावरून उठत म्हणाली, "केकला कारण होतं!"

मालाच्या धक्क्यावर तीन बार्जेस लागलेल्या होत्या. दप्तरवाली शोधायला वेळ लागला नाही. कोरी तिच्या पुढच्या अंगाला वळसा घालून गेली आणि तिथेच उभी राहिली. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत बार्जचं नाव होतं, 'गेर्ट्रुइडा'.

डेकवर एक दणकट, टक्कल पडू लागलेला माणूस दोर गुंडाळत होता. कपाळ हुबेहूब त्रूसचं.

"मार्टेन व्हान डाल?" कोरीने हाक मारली. "तुमच्या आईच्या इमारतीतून आलेय."

दोर त्याच्या हातातून सुटला. "आईला काही झालं का?"

"प्रकृतीने ठणठणीत आहे. पण तुमच्यामुळे घर जायची वेळ आलीय."

बाकावर बसून त्याने सगळं ऐकलं. मग आपलं सांगितलं. फेम्के, त्याची मुलगी, नुकती चालायला लागली होती तेव्हा त्याने गोदीतली नोकरी सोडून बार्ज घेतली. त्रूस दारात उभी राहून म्हणाली होती, एक लेकरू पाण्याने नेलं, आता तू दुसरं द्यायला निघालास. त्या डेकवर पाय ठेवलास तर हे दार तुला बंद. त्याने पाय ठेवला आणि दार बंद झालं. पुढे त्याचा संसार मोडला. फेम्के शाळेसाठी आईकडे राहू लागली आणि सुट्टीत बार्जवर येऊ लागली. त्याचा जमिनीवरचा पत्ता मात्र गेला.

"पत्त्याशिवाय माणसाला विमा नाही, डॉक्टर नाही, काही नाही. बाबा म्हणाले, माझ्याकडे घाल. पण तो फक्त पत्रांचा पत्ता होता हो! बार्जवाल्यांना तशी सोय असते. पत्रांच्या पत्त्याने भाडं वाढत नाही. तो घरातला माणूस धरत नाहीत."

"नोंद तशी नाहीये. नोंदीप्रमाणे तुम्ही तिथे राहता."

"शक्यच नाही! मी मालवाहतुकीवर होतो. माझा सहीचा कागद घेऊन बाबा स्वतः कचेरीत गेले होते."

"एकटेच?"

"नजर अधू झाली होती त्यांची," मार्टेन म्हणाला. "शेजारच्या हेर्मिनाबाई होत्या बरोबर."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी त्रूसच्या खोलीत तीन बायका बसल्या. कोरीने दुर्बिणीपासून पाइनच्या सुयांपर्यंत सगळं क्रमाने मांडलं. मार्टेनचं नाव आलं तेव्हा त्रूसने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"एकच गोष्ट उरते," कोरी म्हणाली. "आरीने पोरासाठी पत्रांचा पत्ता मागायचा होता. राहण्याचा पत्ता कसा नोंदवला गेला? चुकून?"

"चुकून नाही," हेर्मिना म्हणाली. "आता मी बोलते. मेलेल्याची माफी वर गेल्यावर मागेन. अगं, कचेरीच्या खिडकीतल्या मुलीने त्याला दोनदा विचारलं. आजोबा, नुसती पत्रं येणार की राहणार? नुसती पत्रं असतील तर हा दुसरा अर्ज. आरी म्हणाला, राहणार. मी त्याचा कोट ओढला. म्हटलं, अरे, राहत नाही तो. तर माझ्यावर डाफरला. म्हणाला, माझा मुलगा आहे तो. त्याचं घर आहे ते. मी माझ्या पोराला पत्रपेटी देऊ का?"

आरीने आयुष्यात एकदाच सरकारपुढे खोटं सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्याचं भाडं दोन वर्षांनी त्याच्या बायकोच्या दारात येऊन पडलं होतं.

"दोन मार्ग आहेत," कोरी म्हणाली. "एक म्हणजे, हा माणूस इथे राहत नाही, त्याचं नाव काढून टाका, असं कळवायचं. तुझं भाडं सुटेल, पण त्याचा पत्ता जाईल. दुसरा मार्ग, तू स्वतः सही करून त्याला पत्रांचा पत्ता द्यायचा. तरीही भाडं सुटेल. पण ती सही तुझी लागेल. हरकत घ्यायची मुदत एक जुलैच्या आत. पोलिसात द्यायचं असेल तर तेही सांग."

"फालतूपणा करू नकोस," त्रूस म्हणाली. मग भिंतीकडे पाहतच तिने विचारलं, "पोरगी पोहायला शिकली का?"

"फेम्के? अगं, माशासारखी पोहते," हेर्मिना म्हणाली. "आणि पास झाली! काल बार्जवर दप्तर लावलं होतं. तुझ्या खिडकीखालून जाताना मार्टेनने मुद्दाम भोंगा वाजवला."

"भोंगा ऐकला मी."

"ऐकलास, पण तुला कुठे माहीत—"

"एक लांब, दोन आखूड, एक लांब." त्रूस म्हणाली. "आरीच्या बार्जवरचा भोंगा आहे तो. बार्ज विकली तेव्हा त्याने तेवढा काढून तळघरातल्या खोलीत ठेवला होता. एक दिवस तिथून गायब झाला. मी विचारलं, तर म्हणाला भंगारात दिला. पुढच्याच आठवड्यात नदीवरून वाजला. मूर्ख म्हातारा! त्याला वाटलं, मी ओळखणार नाही."

कोरी खुर्चीतून पुढे सरकली. "म्हणजे मार्टेन इथून जातो, हे तुला ठाऊक होतं? अगं, तुझी तर पाठ असते नदीकडे!"

"पाठ असते. कान नसतात." तिने डोळे पुसले नाहीत, नुसते वाहू दिले. "दिसली असती बार्ज, तर आनेके दिसली असती. पण ऐकायला हवं होतं मला. भोंगा वाजला की कळायचं, आजही पाण्याने त्याला नेलं नाही. एमेनला कुठली आलीय गं नदी?"

हेर्मिनाने तिचा हात हातात घेतला. त्रूसने तो घेऊ दिला आणि मग एकदम झटकला.

"थांब. पोरगी माझी पास झाली, आणि केक तू खाल्लास?"

"अर्धा शिल्लक आहे!" हेर्मिना रडता रडता हसली.

"आण. आणि कोरी, तो अर्ज कुठाय? पेनही आण. नंतर तळघरात जा. मागच्या फळीवर झेंडा आहे, त्याच्याशेजारी चामड्याचं दप्तर. मार्टेन पास झाला तेव्हा हेच टांगलं होतं मी."

शनिवारी भरती लागली आणि 'गेर्ट्रुइडा' रॉटरडॅमकडून माल भरून आली. गॅलरीच्या कठड्यावर झेंडा होता आणि त्याखाली कडक झालेलं, कोपरे झिजलेलं दप्तर लोंबत होतं. खुर्चीचं तोंड पाण्याकडे होतं, पण त्रूस त्यात बसलेली नव्हती. कठड्याला दोन्ही हातांनी धरून ती उभी होती आणि बार्जच्या टोकावरचं स्वतःचं नाव अक्षर अक्षर वाचत होती. डेकवर एक उंच मुलगी आधी दप्तराकडे बघत राहिली, आणि मग दोन्ही हात हलवत केबिनकडे धावली. भोंगा इतका वेळ वाजला की पलीकडच्या काठावरची माणसंही बाहेर आली.

महिन्याभराने घरसंस्थेचं उत्तर आलं. मोठी वाढ रद्द झाली आणि सगळ्यांना होती तेवढीच उरली. तेवढीही जास्तच आहे म्हणून त्रूसने कोरीला दोन तास ऐकवलं, तेव्हा कोरीची खात्री पटली की बाईची तब्येत आता छान आहे. त्या पत्त्यावर आता एकच माणूस राहतं, आणि नोंदही तशीच आहे. बार्ज धक्क्याला लागते त्या दिवशी मात्र जाळीत तीन बशा निथळत असतात.